पहिलीच मंडळी मिळालीय? नव्या पाळकांसाठी थोडं, सुरुवातीच्या वर्षांबद्दल

सेमिनरी (पाळकांचं शिक्षण) संपली, डीकन (पाळकपणाची पहिली पायरी) झालात, हातात नेमणुकीचं पत्र आलं आणि आता नगर, जालना, सोलापूर नाहीतर अशाच कुठल्यातरी बाजूला एक मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, आणि तिच्याखाली पाच-सहा खेडी तुमच्या गळ्यात पडलीत, अशा भावाबहिणींसाठी हे लिहितोय. माझी सेवा बहुतेक नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) खेड्यांत झाली त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, शहरातल्यांनी आपापल्या हिशोबाने बदलून घ्या.

माझं सांगणं एकच आहे. पहिली दोन वर्षं घरं फिरा. उपदेश, कमिटी, पैसा, तरुण संघ, भांडणं सगळं त्यातूनच सोपं होत जातं. जो पाळक घरी आलाय, चुलीजवळ बसलाय, त्याचं वय पंचवीस असलं तरी लोक ऐकतात. पौल तीमथ्याला लिहितो ना की तुझ्या तरुणपणाला कोणी कमी लेखू नये, पण त्याच वाक्यात पुढे बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास यांत कित्ता हो असंही लिहितो, आणि ते वागणं लोकांना रविवारच्या दीड तासात दिसत नाही हो, घरी आल्यावरच दिसतं.

घरभेटी कशा करायच्या

चर्चच्या रजिस्टरमधली सभासदांची यादी घ्या पण तिच्यावर विसंबू नका, ती बऱ्याचदा जुनी असते, गेलेल्यांची नावं तशीच आणि लग्न होऊन आलेल्या सुनांची नावंच नाहीत. सेक्रेटरीला घेऊन बसा आणि मग महिला मंडळातल्या एखाद्या जुन्या बाईला विचारा, तिला सगळं माहिती असतं, कोणाची मुलगी माहेरी येऊन राहिलीय, कोण दोन वर्षं झाली चर्चला येत नाही आणि का येत नाही.

पहिली फेरी गावातल्या कोणातरी वडीलधाऱ्याबरोबर करा, दुसरी फेरी जोडीने. घरात बाई एकटीच असेल तर पुरुष पाळकाने आत जाऊन बसू नये, ओट्यावर बसा, दार उघडं ठेवा, नाहीतर नंतर पाळकीणबाईंना घेऊन या. यात कोणावर संशय घ्यायचा प्रश्न नाही, त्या बाईच्या नावाची काळजी म्हणून.

वेळ बघा. खेड्यात दिवसा घरी कोणी नसतं, कांदा लावणी नाहीतर काढणी चालू असेल तर अजिबातच नसतं, संध्याकाळी सातनंतर जा. पण अगदी जेवणाच्या वेळेला पोचू नका कारण आपल्या लोकांचा स्वभाव तुम्हाला माहितीय, घरात काही नसलं तरी उसनं आणून कोंबडी कापतील. आधीच सांगून ठेवा की फक्त कोरा चहा घेणार. आणि मग तो चहा प्याच. ज्या घरातलं पाणी कोणी पीत नव्हतं त्या घरांमधून आपल्या बऱ्याचशा मंडळ्या उभ्या राहिल्यात, तिथे पाळकाने कप नको म्हणणं फार लागतं लोकांना.

पहिल्या आठवड्यात कोणाच्या घरी गेलात हे अख्खं गाव बघत असतं. तुमची गाडी कोणाच्या दारात उभी होती, किती वेळ होती, सगळं. प्रत्येक मंडळीत दोन बाजू असतातच. एका बाजूचे मोठे लोक तुम्हाला स्टँडवरूनच घ्यायला येतील, जेवायला नेतील, जा, पण त्याच दिवशी दुसऱ्या बाजूच्याही घरी जाऊन या आणि दोन्हीच्या आधी जमलं तर सगळ्यात गरीब घरी जा. चर्चला न येणाऱ्यांकडे गेल्यावर ‘का येत नाही’ विचारायचं नाही. तब्येत विचारा, मुलं विचारा, प्रार्थना करा, निघा. तिसऱ्या नाहीतर चौथ्या भेटीत ते स्वतःच सांगतात की अमुक साली आईच्या मातीला पाळक आला नव्हता, आणि वीस वर्षांचं ते दुखणं तिथे बाहेर पडतं.

एक सवय लावून घ्या, घरातलं बायबल मागा. जुन्या घरांत बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्माच्या, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मरणाच्या तारखा लिहिलेल्या असतात, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईने. वरच्या ओळी आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरात, खाली नातवाच्या बॉलपेनने. ते पान घेऊन आजीजवळ बसा आणि एकेक नाव विचारा, हा कोण, ही कुठे दिली, हे बाळ कशाने गेलं. तासाभरात त्या घराचा सगळा इतिहास तुमच्यापुढे येतो, आणि आजीला इतक्या वर्षांत त्या गेलेल्या बाळाबद्दल कोणी विचारलेलंच नसतं. मग त्याच बायबलमधून एखादं छोटं स्तोत्र वाचा आणि प्रार्थनेत नावं घ्या. ‘या कुटुंबाला आशीर्वाद दे’ हे कुठेही म्हणता येतं, ‘सुनिताची बारावी आहे, दादांचा गुडघा दुखतोय’ हे फक्त त्या घरातच म्हणता येतं.

घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा, नावं, शाळा, ऑपरेशनची तारीख, कोणाची वर्षाची आठवण कधी. लाजिरवाण्या गोष्टी, नवरा-बायकोच्या गोष्टी वहीत लिहायच्या नाहीत, वही कोणाच्याही हाती लागू शकते. आणि घरात कळलेलं काहीही पुलपिटवरून (उपदेशाच्या जागेवरून) सांगायचं नाही, नाव बदलूनही नाही. खेड्यात नाव बदलून काही लपत नाही, एकदा असं झालं की त्या गावात तुमच्यापुढे परत कोणी तोंड उघडत नाही.

लोक अंडी देतील, शेंगा देतील, पायलीभर बाजरी देतील, ते घ्या, प्रेमाने देतात. पैसे हातात दिले तर चर्चच्या पावतीवर घ्या. आजारी माणसाच्या घरून काहीच घेऊ नका.

ऊसतोडीची मंडळी

हे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सेमिनरीत हे कोणी शिकवत नाही. आपल्या भागात, बीडकडे, मराठवाड्यात बऱ्याच मंडळ्यांमधली तरणी जोडपी दिवाळीच्या आसपास मुकादमाबरोबर ऊस तोडायला निघून जातात आणि कारखाना बंद होईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे बघा, आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, नवं वर्ष सगळं तिकडेच, आणि कधीकधी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) सुद्धा. गावात उरतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. नवा पाळक येतो, नाताळाला निम्मं चर्च रिकामं बघतो आणि त्याला वाटतं मंडळी थंड पडलीय. मंडळी थंड नसते, ती फडात असते.

तर काय करायचं. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना ठेवा, पुढे बोलवा, नावं घ्या, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) द्या. कोण कुठल्या कारखान्यावर चाललंय, मुकादम कोण, मोबाईल नंबर, लिहून घ्या. गावात मागे राहिलेल्या पोरांची यादी करा, ती कोणाकडे राहतात, खायला कोण घालतं, शाळेत जातात का हे दर आठवड्याला बघा, संडे स्कूलच्या बाईंना सांगून ठेवा. हे तुमच्या सेवेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे असं मी मनापासून म्हणतो.

आणि नाताळाच्या आधी एकदा तरी त्यांच्या कोप्यांवर (फडाजवळच्या झोपड्यांवर) जाऊन या. संध्याकाळी जाऊन उपयोग नाही असं वाटतं कारण गाडी भरायला रात्री-अपरात्री उठतात, पण मुकादमाला आधी फोन करून वेळ ठरवली की जमतं. पाचटाच्या कोप्या, मधे मोकळी जागा, तिथे ताडपत्रीवर बसून एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद म्हणा, लूकचा दुसरा अध्याय वाचा, मेंढपाळ रात्री शेतात राखण करत होते तो भाग, तिथे उपदेशाची गरजच पडत नाही. हातांना कोयत्याचे घट्टे पडलेली माणसं तो अध्याय जसा ऐकतात तसा मी कुठल्या मोठ्या चर्चमध्ये ऐकलेला नाही. दुसऱ्या टोळ्यांतली माणसंही येऊन बसतात, बसू द्या, चहा सगळ्यांना द्या. बरोबर पॅरासिटामॉल, मलमपट्टी, पोरांना स्वेटर घेऊन जा. बाळंतीण असेल तर जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते विचारून ठेवा.

आणि हंगामाचा सण, वार्षिक सभा, दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) वर्ग हे सगळं ते परत आल्यावर उन्हाळ्यात ठेवा. कॅलेंडर लोकांच्या कामाप्रमाणे लावायचं.

पहिल्या वर्षी काही बदलू नका

भक्तीची वेळ, बसायची जागा, गीतांच्या चाली, प्रभुभोजनाची पद्धत, काहीही नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा वेगवेगळी चर्चं (पंथ) एकत्र येऊन झालं, पण खेड्यातल्या माणसाच्या मनात अजून आपण अमेरिकन मिशनचे की एसपीजीचे (इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे) हे पक्कं असतं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून आहे, अँग्लिकन लोक नंतर आले, त्यामुळे एका गावात लोक वेदीजवळ गुडघे टेकून प्रभुभोजन घेतात आणि पलीकडच्या गावात जागेवर बसून. दोन्ही गावं आता एकाच पाळकाखाली असू शकतात. कुठे काय चालतं ते आधी बघा, विचारा, का चालतं ते ऐका. बऱ्याच पद्धतींमागे कोणाचं तरी प्रेम असतं, पेटी वाजवणारे काका तीस वर्षं तीच पेटी वाजवतात, तुम्ही आल्या आल्या कीबोर्ड आणला तर काका गेले आणि काकांबरोबर त्यांची भावकी गेली.

आधीच्या पाळकाबद्दल लोक तुमच्याकडे वाईट बोलतील, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्यात पडू नका, ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणा आणि विषय बदला. तुमच्या मागे तुमच्याबद्दलही हेच होणार आहे.

उपदेश छोटा ठेवा, वीस मिनिटं पुरे. एक वचन, एक मुद्दा. मंगळवारीच उतारा वाचून ठेवा म्हणजे आठवडाभर घराघरांत फिरताना तो डोक्यात राहतो आणि शनिवारी रात्री कागद घेऊन बसायची वेळ येत नाही. जी भाषा ओट्यावर बोलता तीच वर बोला.

रात्री फोन येतो तेव्हा

माती हे तुमचं खरं पाळकपण. रात्री दोनला फोन येतो, ‘साहेब, दादा गेले.’ त्याच वेळी उठून जायचं, सकाळी येतो म्हणायचं नाही. गेल्यावर लगेच बायबल उघडू नका, आधी शेजारी बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले ते बरोबर होतं, बोलायला लागले तिथून बिघडलं. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य तरुण मरणात तर तोंडातून काढूच नका.

मग हळूच घरातला जो जरा शांत असेल त्याला बाजूला घ्या आणि काम सुरू करा. डॉक्टरचा दाखला मिळाला का, अपघात किंवा आत्महत्या असेल तर पोलिसांत कळवलंय का, पोस्टमॉर्टेम होणार का, मुंबई-पुण्याहून कोण यायचंय, किती वाजता पोचतील, तोवर शीतपेटी लागेल का, पेटी कुठे करायला टाकायची, माप कोण घेणार, कबर कोण खोदणार, आधीच्या कोणाच्या कबरीजवळ हवीय का. खडकाळ जागा असेल तर खोदायला पाच-सहा तास सहज जातात, सकाळी लवकर माणसं लावा. काही गावांत दफनभूमीचाच वाद असतो, रस्ता शेतातून जातो, अशा गावात आल्या आल्या पहिल्या महिन्यातच सरपंच आणि तलाठ्याला भेटून सातबारा बघून ठेवा, मयत दारात असताना तो वाद सोडवता येत नाही.

आत्महत्या केलेल्याची माती तशीच पूर्ण विधीने करा, तितक्याच मानाने. त्या घरातल्या आईला त्या दिवशी मंडळीची जेवढी गरज आहे तेवढी आयुष्यात कधी नव्हती.

दफनाचं रजिस्टर त्याच दिवशी भरा. आणि खरी भेट पंधरा दिवसांनी करा, जेव्हा पाहुणे निघून गेलेले असतात, मग पहिल्या नाताळाला, मग वर्षाच्या तारखेला. वहीत तारीख लिहायला सांगितली ती यासाठी.

कागद आणि पैसा

लग्नं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा आहे, एकदा बसून वाचून काढा, कंटाळवाणा आहे पण लग्न तुमच्या सहीने लागतं. मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण, जन्माचा पुरावा स्वतः डोळ्यांनी बघा, आत्याने तोंडी सांगितलेलं चालत नाही. आधीचं लग्न झालं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम बघा, स्टँपपेपरवरची काडीमोड म्हणजे घटस्फोट नाही. विधी सर्वसाधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 च्या आतच लावायचा असं कायद्यात आहे आणि आपल्याकडे वरात तर साडेसहाला चर्चच्या दारात नाचत असते, त्यामुळे दोन्ही घरांना आधीच ठणकावून सांगा. नोटीस दिल्याशिवाय, रविवारी जाहीर केल्याशिवाय, कोणाच्याही ओळखीने, कोणाच्याही रडण्याने घाईत लग्न लावू नका. मुलीशी एकदा वेगळं बोला, तिची खरंच मर्जी आहे का. पाळकीणबाई बरोबर असतील तर ती मोकळं बोलते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अगदी स्पष्ट ठेवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायद्याने (2012) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. कमिटी म्हणेल मंडळीचं नाव जाईल, घरचे म्हणतील आपसात मिटवू. मिटवायचं नाही. 1098 वर फोन करा, मुलाबरोबर उभे राहा. मंडळीचं नाव त्या मुलापेक्षा मोठं नाही.

पैशाला हात लावू नका. अर्पण दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, खजिनदाराने सोमवारी बँकेत भरायचं आणि त्या दोघांत पाळक नसावा. परदेशातला कोणी ओळखीचा म्हणाला की मंडळीच्या कामासाठी तुमच्या खात्यावर पाठवतो तर प्रेमाने नाही म्हणा. परदेशी वर्गणीला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची सरकारी नोंदणी) लागतं, संस्थेचं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं, ते डायोसीजच्या (बिशपच्या विभागाच्या) ऑफिसचं काम आहे. आणि मिशनच्या जुन्या जागेबद्दल कोणी कसलाही कागद आणला, साधं ना हरकत पत्र सुद्धा, तर सही करायची नाही, ‘ऑफिसला विचारतो’ म्हणायचं. कंपाऊंडच्या जागांवर सगळ्यांचा डोळा असतो आणि नवा पाळक त्यांना सोपा वाटतो.

स्वतःचं घर

पगार उशिरा येतो, हे धरून चला. किराणा उधारीवर आणायची वेळ आली तर मंडळीतल्या सभासदाच्या दुकानातून आणू नका.

पाळकीणबाई मंडळीने नेमलेल्या नाहीत. लोकांना वाटतं त्यांनी महिला मंडळ चालवावं, संडे स्कूल घ्यावं, आल्या-गेल्याला चहा करावा, पेटी पण वाजवावी. त्यांना जे आवडतं ते त्या करतील, बाकीच्याला नाही म्हणायचं काम तुमचं, त्यांच्यावर ढकलू नका. पाळक बाई असेल तर तिच्या नवऱ्याच्या बाबतीतही हेच, आणि तिला लोक पहिले सहा महिने ‘खरे पाळक कधी येणार’ विचारतील, बाईने दोन मात्या आणि एक बाप्तिस्मा नीट पार पाडला की तो प्रश्न बहुतेक ठिकाणी संपतो.

सोमवार सुट्टीचा ठेवा आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाका, मयत आणि दवाखाना सोडून. एलीया झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, मग बोलायला घेतलं, 1 राजे 19 काढून वाचा. तुम्हाला झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, लोकांचा कंटाळा येत असेल तर उपास-प्रार्थना वाढवायच्या आधी चार दिवस झोपा आणि डॉक्टरला दाखवा. दुसऱ्या तालुक्यातला एक मोठा पाळक धरून ठेवा, ज्याच्याशी महिन्यातून एकदा मनातलं सगळं बोलता येईल. मंडळीतल्या माणसाकडे मन मोकळं करायचा मोह होतो, पण ते ओझं त्याच्यावर टाकू नका.

सगळं एकट्याने करू नका. निर्गम 18 मध्ये इथ्रो मोशेला तेच सांगतो, तू पण दमशील आणि लोक पण दमतील. आजाऱ्यांना भेटणं, दूरच्या वस्तीवरची प्रार्थना, तरुणांचा अभ्यास यासाठी माणसं तयार करा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे, एकट्या पाळकाला नाही.

बदली होते तेव्हा रजिस्टरं पूर्ण करून ठेवा, चाव्या यादी करून द्या, नव्या पाळकाबरोबर एक दिवस फिरा आणि आजारी, म्हातारे, नुकतं मरण झालेली घरं त्याला दाखवा. वहीतल्या तारखा उतरवून द्या. नंतर त्या गावचं कोणी फोन करून नव्या पाळकाची तक्रार सांगायला लागलं तर ऐकून घेऊ नका, आणि लग्नाला नाहीतर मातीला बोलावलं तर जरूर जा पण बाकाच्या मधल्या रांगेत बसा, विधी त्यालाच करू द्या.